दहीभातातली गोळी

प्रिय अक्का,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण खाडाखोड केलेला कागद तू कधी हातात धरला नाहीस, म्हणून राहू दिलं. त्याचा भलता अर्थ काढू नकोस. मी चिडलेय. इतकी चिडलेय की कालपासून तुझ्या फोटोला हार घातलेला नाही.

तू जाऊन वर्ष होत आलं. परवा तुझं वर्षश्राद्ध. त्यासाठी काल सकाळी देवघर आवरायला घेतलं, तर दत्ताच्या तसबिरीमागे कापराचा तो गोल पत्र्याचा डबा सापडला. कापूर किती उरलाय ते बघायला उघडला. आत कापूर नव्हताच. आठ पुड्या होत्या, वहीच्या कागदाच्या, नीट घडी घातलेल्या. प्रत्येक पुडीवर तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात तारीख. एक जानेवारी, एक फेब्रुवारी, असं करत थेट एक ऑगस्टपर्यंत. आणि प्रत्येक पुडीत एकेक तपकिरी चौकोनी गोळी.

वेदूच्या गोळ्या, अक्का! गोचिड्यांच्या! आठच्या आठ!

मी फरशीवर बसले ती बराच वेळ उठले नाही. सत्तरीला टेकलेली बाई, दोन वेळा आरती करणारी, ‘खोटं बोललं की जीभ झडते’ असं पोरांना सांगणारी, आठ महिने माझ्या तोंडावर खोटं बोलत होती! आणि मी ऑफिसातून आल्यावर दर एक तारखेला विचारायची, “दिलीस?” तू म्हणायचीस, “दिली की. दहीभातातून. चाटूनपुसून खाल्ला बघ.” दहीभात खाल्ला, हे खरंच होतं. त्यात गोळी नव्हती, एवढं सांगायचं राहिलं!

डब्याच्या तळाशी गोळ्यांच्या खोक्यातला माहितीचा कागद होता. बारीक इंग्रजी अक्षरांचा. तू तो भिंग घेऊन वाचला असणार, कारण एका ओळीखाली लाल पेनाने रेघ मारलेली होती. कुत्र्याने आवडीने खावी म्हणून या गोळीत डुकराच्या काळजाची पावडर घालतात, असं त्या ओळीत होतं. समासात तू लिहिलं होतंस, ‘वेदूला नको.’ पस्तीस वर्षं हैदराबादेत कोठीजवळच्या मराठी शाळेत वह्या तपासल्यास, तशीच ही तपासलीस आणि औषधाला नापास करून टाकलंस.

नको म्हणे! तुला कुणी विचारलं होतं?

वेदू कसा आला ते आठवतं ना? दत्तजयंतीचा दिवस. आपल्या तारनाक्याच्या घराचं दार उघडं होतं, तू आरती म्हणत होतीस, आणि हे लालसर, खरजेने भरलेलं गल्लीतलं पिल्लू उंबऱ्यावर येऊन बसलं. आरती संपेपर्यंत हललं नाही. तुझे डोळे भरून आले. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद, त्यातलाच हा एक, असं म्हणून तू त्याचं नावच वेदू ठेवलंस. मी सांगून पाहिलं की अक्का, हा आरतीला नाही, शिऱ्याच्या वासाला बसलाय. तू ऐकलं नाहीस. मग घर तुझं, म्हणून मी गप्प बसले. माझं लग्न मोडल्यावर वीस वर्षं तुझ्याकडे राहत होते, कुत्र्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

पण डॉक्टरकडे कोण नेत होतं? मी. खरूज कोणी बरी केली? मी. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध कोण आणायचं? तेही मी! तू त्यावर वावडिंगाचा काढा पाजायचीस, वर म्हणायचीस, “आपण लहानपणी हेच प्यायलो, आपल्याला झाले का जंत?” झाले होते, अक्का. तुला आठवत नसेल. आबा आपल्याला बिदरहून गाडीत घालून सिकंदराबादच्या दवाखान्यात घेऊन आले होते, आणि तू रस्ताभर पोट धरून रडत होतीस.

सुरुवातीला गोचिड्यांसाठी मानेवर टाकायचं औषध होतं. ते मी स्वतः टाकायची, दर महिन्याला. तीन वर्षं त्याच्या अंगावर एक गोचीड दिसली नाही. मग तुझ्या डोक्यात शिरलं की दत्ताचं कुत्रं गुरुवारी सोवळ्यात हवं. दर गुरुवारी कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ, वर खोबरेल तेलात कापूर! औषध धुऊन जायला लागलं. म्हणून डॉक्टरांनी पोटात द्यायची गोळी लिहून दिली. त्यांनी मला नीट समजावलं होतं, मी तुला समजावलं होतं. गोळी रक्तात उतरते, गोचीड चावली की ती मरते. कापराला गोचीड हसते, अक्का. मला सकाळी साडेआठची बस असायची, वेदूला तुझ्या हातचा दहीभात लागायचा, म्हणून गोळी तुझ्या हातात दिली. एवढीच माझी चूक.

आणि तुझे ते दुपारचे उद्योग! ओट्यावर बसून वेदूचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि चिमट्याने एकेक गोचीड काढायची. काढ ना! डॉक्टरांनीही काढायला सांगितलं होतं, काढून साबणाच्या पाण्यात बुडवायला सांगितलं होतं. तू काय करायचीस? स्टीलच्या वाटीत गोळा करून कंपाउंडमधल्या पेरूखाली सोडून यायचीस. जिवंत! एका रविवारी मी पाहिलं तेव्हा म्हणालीस, “त्यांनाही जीव आहे गं नीलू.” एकेक टम्म फुगलेली मादी हजारो अंडी घालते. पेरूपासून वेदूच्या पोत्यापर्यंत चार पावलं. तू त्यांना माहेरी पोचवत होतीस आणि त्या दुसऱ्या आठवड्यात लेकरंबाळं घेऊन परत येत होत्या.

गोचिड्यांचा जीव दिसला. डुकराचा दिसला. वेदूचा कसा नाही दिसला तुला?

आणि तो वेदू काही सोवळ्यातला नव्हताच! संध्याकाळी मी त्याला फिरायला न्यायची तेव्हा चौकातल्या हॉटेलाच्या मागे तो बिर्याणीची हाडं शोधायचा. तोंडात धरून कडाकडा फोडायचा. मी तुला सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते आता सांगते, कारण आता तू काही करू शकत नाहीस. त्याच हॉटेलात मीही जायची. आबांच्या काळी आपल्या घरी दर रविवारी मटण शिजायचं. तू गुरूंचा अनुग्रह घेतलास आणि घरातून कांदासुद्धा गुरुवारचा हद्दपार झाला. मी महिन्यातून एकदा सिकंदराबादच्या ऑफिसातून येताना बिर्याणी खायची आणि बडीशेप चघळत घरी यायची. हो, मीही लपवलं. पण माझ्या लपवण्याने कुणी मेलं नाही.

जूनमध्ये गोचिड्या फार झाल्या. कानात, बोटांच्या मधे, शेपटीखाली. मी वेदूला आणि तुला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि पाच माणसांसमोर त्या डॉक्टर पोरीवर ओरडले. गोळ्या नकली देता का, म्हटलं. ती बिचारी आपल्याला मुलगी शोभेल अशा वयाची. तिने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, “मॅडम, गोली पेट में जा रही है ना? आपने खुद देखा?” मी तुझ्याकडे पाहिलं. तू वेदूच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणालीस, “हो, मी देते ना.” तेव्हा सांगायचं होतंस! जून होता, अक्का. वेदू धडधाकट होता.

आता यादम्मा.

नऊ वर्षं ती आपल्याकडे झाडलोट करत होती. तुझे गुडघे धरले तेव्हा तुला आंघोळ घालायची ती. मी डोकं चालवलं की गोळी पोटात जातेय तरी गोचिड्या येताहेत, म्हणजे बाहेरून येताहेत. बाहेरून रोज कोण येतं? यादम्मा! तिच्या वस्तीत शेळ्या, कुत्री. तिच्या साडीला चिकटून येत असणार. जुलैच्या पहिल्या रविवारी मी तिला दारात उभी केली आणि कामावरून काढलं.

“मैं क्या करी अम्मा?” ती म्हणाली. “मेरे घर में कुत्ता बी नै, बकरी बी नै.”

“झूठ नक्को बोल,” मी म्हणाले.

मग तिने तुझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. तू खुर्चीत बसून फुलवाती वळत होतीस. तू मान वर केली नाहीस. मला वाटलं, माझ्या आरडाओरड्याने तू दुखावली आहेस. ती गेली, तिची चप्पल दाराशी वाजली, आणि तू पुढची वात वळायला घेतलीस. मी ते किती वेळा आठवून पाहिलं कालपासून! एकदा तरी मान वर केली होतीस का, म्हणून. नाही. एकदाही नाही.

ऑगस्टच्या शेवटी वेदूने दहीभात नाकाने ढकलून दिला. अंग भट्टी. हिरड्या पांढऱ्या फटक. दुसऱ्या दिवशी नाकातून रक्त. गोचिड्यांचा ताप, डॉक्टर म्हणाल्या, रक्त गोठवणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत. तीन दिवस सलाईन. तिसऱ्या दिवशी दुपारी तो त्या थंड स्टीलच्या टेबलावर गेला, डोकं तुझ्या तळहातावर ठेवून. मी पुन्हा त्या डॉक्टरवर ओरडले. तू म्हणालीस, “मला घरी ने.” बस्स. एवढंच.

त्यानंतर तू आरती सोडलीस. दत्ताला नुसता दिवा लावायचीस आणि पाठ करून बसायचीस. जेवणात मन नाही. मला वाटलं, दुःख! मी, मूर्ख, तुझ्यासाठी वरण पातळ करत होते, तुझे पाय चेपत होते! एकदा तू म्हणालीस, “नीलू, यादम्माला परत बोलव गं.” मी म्हणाले, तिचं नाव या घरात काढायचं नाही. मग पौषात एका दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. सगळं बरोबर घेऊन गेलीस, फक्त डबा मागे ठेवलास. फेकून तरी द्यायच्या होत्यास गोळ्या! मला कधीच कळलं नसतं.

काल संध्याकाळी डबा पिशवीत घालून लालागुड्याच्या पलीकडे यादम्माच्या वस्तीत गेले. विचारत विचारत गेले, कारण नऊ वर्षांत तिचं घर कुठे ते मी कधी पाहिलं नव्हतं. ती बाहेर तांदूळ निवडत होती. मी डबा तिच्यापुढे उघडला.

“ये डब्बा?” ती म्हणाली. “मेरेको मालूम था.”

माहीत होतं, अक्का! देवघर पुसताना तिने पहिल्याच महिन्यात पाहिला होता. आणि तू तिच्यापुढे हात जोडले होतेस म्हणे. छोट्या अम्माला सांगू नको, घरात गलाटा होईल.

“मग मी तुला काढलं तेव्हा तरी सांगायचं होतंस,” मी म्हणाले. “कायकू नै बोली?”

ती तांदळातून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, “आप बड़ी अम्मा को बी निकाल देते.”

“अगं, घर उनकाच था!”

“तो बी निकाल देते,” यादम्मा म्हणाली.

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तुम्ही दोघी मिळून मला घाबरत होतात! एक देवभोळी म्हातारी आणि एक झाडलोट करणारी बाई, दोघींनी मिळून माझ्या रागापायी एक कुत्रं मरू दिलं. नाही, हे मी असं मान्य करणार नाही. माझा राग वाईट आहे, मला माहीत आहे, माझं लग्नही त्यानेच खाल्लं. पण मी काय केलं असतं गं? ओरडले असते. भांडी आपटली असती. दोन दिवस जेवले नसते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले असते. त्यासाठी इतकं घाबरायचं?

पण खरी आग पुढच्या वाक्याने लागली. यादम्मा म्हणाली, “बड़ी अम्मा आए थे यहाँ. ऑटो में.” वेदू गेल्यानंतरच्या गुरुवारी. मला दत्ताच्या देवळात जाते म्हणून सांगून गेली होतीस तो गुरुवार! तिच्या पायरीवर बसलीस, तिचे हात धरलेस, तिची माफी मागितलीस आणि पदर ओला होईपर्यंत रडलीस. ते गुडघे घेऊन तू लालागुड्यापर्यंत गेलीस, आणि तुझ्या खोलीतून माझ्या खोलीत यायला तुला चार महिने जमलं नाही? मधे काय होतं, अक्का? एक पडदा!

निघताना दाराच्या मागून एक पिल्लू आलं. काळं, सहासात महिन्यांचं, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. माझी चप्पल हुंगायला लागलं. मी यादम्माकडे पाहिलं. ती म्हणाली, “आपीच बोले ना, मेरे घर में कुत्ता है बोल के. तो रख ली.” तोंडावर एक रेष हलली नाही तिच्या. मी त्याचा कान उलटा केला. आत चार गोचिड्या, दाण्याएवढ्या.

आज सकाळी ऑटोत यादम्मा, मी आणि राजू, हे त्याचं नाव, डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बसलेल्या सगळ्यांसमोर मी त्या मुलीची माफी मागितली, कारण ओरडलेही सगळ्यांसमोरच होते. डबा दाखवला. तिने तू लाल रेघ मारलेली ओळ वाचली. मग हळूच म्हणाली, “बोलना था ना मॅडम. दूसरी भी गोली है. उसमें ऐसा कुछ नहीं रहता.”

ऐकलंस? दुसरी गोळी होती! साधी, बिनमांसाची! शेजारच्याच फडताळात! तुझा दत्त, तुझं सोवळं, तुझा वेदू, सगळं राहिलं असतं. एका वाक्याचं काम होतं, अक्का. जन्मभर पोरांना ‘शंका विचारा, लाजू नका’ म्हणत आलीस, आणि स्वतः एक शंका विचारली नाहीस.

डॉक्टरांनी राजूचं वजन केलं, गोचिड्या काढल्या, जंताचं औषध पाजलं आणि गोळीबद्दल विचारलं, कुठली देऊ. यादम्माला दोन्ही चालत होत्या. मी मुद्दाम तुझी नापास झालेलीच मागून घेतली. ती माझ्या पर्समध्ये आहे. पोटभर खाल्ल्यावर द्या, असं सांगितलंय.

यादम्मा कामावर परत येणार नाही. मी विचारलं. तिला दुसरीकडे काम आहे आणि तिथली बाई ओरडत नाही, असं तिने सरळ सांगितलं. पण परवा ती येणार आहे, राजूला घेऊन. तुझ्यासाठी येतेय, माझ्यासाठी नाही, हेही सांगितलं.

तर माझं वचन ऐक. परवा तुझ्या श्राद्धाला कावळ्याचा घास निघेल, गाईचा निघेल, आणि कुत्र्याचा निघेल. कुत्र्याचा घास मी स्वतः कालवणार, तुला आवडायचा तसा, साईच्या दह्याचा, वर चमचाभर तूप. तो राजूपुढे ठेवणार, आणि त्यात ती गोळी घालणार, डुकराच्या काळजाची. गुरुजींना काय सांगायचं ते मी बघते. तुझा फोटो मी दारासमोर लावून ठेवलाय, तुला तिथून स्वच्छ दिसेल.

राजू तो घास गिळेपर्यंत मी त्याच्यासमोर बसून राहणार आहे. मग त्याचं तोंड उघडून जिभेखाली बघणार आहे. आणि मगच तुला हार घालणार आहे.

अजून रागातच,
तुझी नीलू